एकाच नंबरच्या दोन गाड्या: दुर्मीळ क्लासिक स्पोर्ट्‌स कारचा शोध कसा घेतात

मे २०२२ मध्ये जर्मनीत, स्टुटगार्टच्या मर्सिडीज-बेंझ संग्रहालयात, एक गाडी १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली. १९५५ सालची ३०० एसएलआर ‘उलेनहाउट कूपे’. अशा दोनच गाड्या बनल्या होत्या आणि दोन्ही कंपनीनेच सांभाळल्या होत्या. ही बातमी वाचून बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघालं: एवढे पैसे कोण देतं? मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. त्या खरेदीदाराला गाडी शोधावी लागली नाही. ती खरी आहे का, मधल्या काळात कुठे होती, कोणाच्या मालकीची होती, यातलं काहीच त्याला खणून काढावं लागलं नाही.

बाकीच्या दुर्मीळ गाड्यांचं असं नसतं. हजार-दीड हजार बनलेल्या, पन्नास वर्षं जगभर विखुरलेल्या, कधी ठोकलेल्या, कधी इंजिन बदललेल्या, चार वेळा रंगवलेल्या गाड्यांमधून एक चांगली निवडायची, तर पैसे हातात असूनही वर्षं निघून जातात. आणि घाई केली तर चुकीची गाडी गळ्यात पडते. हे एवढं अवघड का आहे, ते मुळापासून पाहू.

दुर्मीळ म्हणजे नुसती कमी बनलेली नव्हे

कमी संख्येत बनलेल्या कितीतरी गाड्या आज कोणी विचारत नाही. त्या कमी बनल्या कारण त्या खपल्या नाहीत. मागणी असूनही कमी राहिलेली गाडी वेगळी. तिच्यामागे बहुतेक वेळा शर्यतीचा एक नियम असतो, त्याला होमोलोगेशन म्हणतात. सामान्य ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या गाड्यांच्या गटात शर्यत खेळायची, तर कंपनीने त्या गाडीच्या ठरावीक प्रती खरोखर बनवून विकल्या पाहिजेत, असा तो नियम. त्यामुळे कंपन्यांनी कधी पाचशे, कधी त्याहूनही कमी अशा जवळपास शर्यतीच्याच गाड्या रस्त्यावर आणल्या. फेरारीची २५० जीटीओ यातली सर्वांत प्रसिद्ध. १९६२ ते १९६४ या काळात साधारण ३६ बनल्या. त्यातली एक ऑगस्ट २०१८ मध्ये ४ कोटी ८४ लाख डॉलर्सना विकली गेली.

दुसरा प्रकार म्हणजे भरपूर बनलेल्या गाडीतला एखादा दुर्मीळ उपप्रकार. जॅग्वार ई-टाइप १९६१ मध्ये आली आणि एकूण ७० हजारांहून अधिक बनल्या, म्हणजे ती दुर्मीळ अजिबात नाही. पण शर्यतीसाठी बनवलेल्या हलक्या, अ‍ॅल्युमिनियमच्या ई-टाइप सुरुवातीला फक्त १२ होत्या. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सख्ख्या बहिणी वाटतील. किमतीतलं अंतर मात्र साधं घर आणि राजवाडा यांच्यात असतं तेवढं.

आणि जिथे दोन सारख्या दिसणाऱ्या वस्तूंच्या किमतीत एवढी दरी असते, तिथे एकीला दुसरी म्हणून खपवणारे येणारच.

एक गाडी शेवटपर्यंत हातात धरू

हवेत बोलण्यापेक्षा एकच उदाहरण घेऊ: १९७३ ची पोर्श ९११ कॅरेरा आरएस २.७. पांढऱ्या रंगावर बाजूला मोठ्या रंगीत अक्षरांत ‘कॅरेरा’ लिहिलेली आणि मागे बदकाच्या शेपटीसारखं उचललेलं झाकण असलेली गाडी चित्रांत तरी बहुतेकांनी पाहिली असेल. शर्यतीच्या नियमासाठी ५०० बनवायच्या होत्या. एवढ्या तरी खपतील का, अशी कंपनीतल्याच विक्री विभागाला शंका होती. ऑक्टोबर १९७२ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ती दाखवली आणि भराभर विकली गेली. शेवटी १,५८० बनल्या. इंजिन २.७ लिटरचं, ताकद २१० अश्वशक्ती, आणि वजन वाचवण्यासाठी काही ठिकाणी पत्रासुद्धा नेहमीपेक्षा पातळ.

या १,५८० मध्ये १,३०८ ‘टूरिंग’ म्हणजे आतून जरा आरामशीर, २०० ‘स्पोर्ट’ म्हणजे अंगावर जेमतेम लागतील तेवढीच वस्त्रं ठेवलेल्या, आणि उरलेल्या शर्यतीशी संबंधित. स्पोर्ट अर्थातच सर्वांत महाग.

आता पंचाईत अशी, की त्या काळातल्या साध्या ९११ चा सांगाडा आणि आरएसचा सांगाडा मुळात एकाच जातीचा. चाकांवरची फुगीर मडगार्डं, शेपटीचं झाकण, योग्य चाकं, तसं इंजिन, हे सगळं सुट्या भागांत मिळतं. कुशल कारागीर साध्या गाडीची हुबेहूब आरएस करू शकतो. टूरिंगमधलं सामान उतरवून तिला स्पोर्टचा वेष देणं तर त्याहून सोपं. अशा गाड्या जगात भरपूर आहेत. बऱ्याच मालकांनी त्या प्रामाणिक हौसेने बनवल्या. पण गाडी तीन-चार हातांतून गेली की ‘बनवलेली’ हा शब्द वाटेत कुठेतरी गळून पडतो.

म्हणून डोळ्यांवर विसंबून चालत नाही. दिसतं तसं नसतं, आणि या बाजारात तर फारच नसतं.

नंबर काय सांगतो आणि काय सांगत नाही

प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर एक नंबर ठोकलेला असतो, तो चेसिस नंबर. खऱ्या आरएसचा नंबर ९११३६० ने सुरू होतो. ९११ म्हणजे गाडी, ३ म्हणजे १९७३, ६ म्हणजे आरएसचं इंजिन, ० म्हणजे बंद छताची. इंजिनावर वेगळा नंबर असतो आणि इंजिनाचा प्रकारही, आरएससाठी ९११/८३. कारखान्यातून निघताना ज्या सांगाड्यात जे इंजिन आणि जो गिअरबॉक्स बसवला होता, तेच आजही त्या गाडीत असतील, तर तिला ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणतात. जाहिरातींत हा शब्द मंत्रासारखा वापरला जातो, त्यामुळे त्याचा अर्थ नीट ध्यानात ठेवावा. नंबर योग्य मालिकेतले असणं वेगळं आणि कारखान्याच्या नोंदीतल्या जोडीशी जुळणं वेगळं. पहिलं सत्य सांगून दुसऱ्याचा आभास निर्माण करणारे विक्रेते मला सर्वांत धोक्याचे वाटतात, कारण त्यांनी शब्दशः खोटं काहीच बोललेलं नसतं.

नंबर घासून नवा ठोकताही येतो. तज्ज्ञ मग अक्षरांचं वळण पाहतात. कारखान्याच्या ठशाचं अक्षर, त्याची खोली, दोन आकड्यांमधलं अंतर, आजूबाजूच्या पत्र्याचा पोत. खरवडलेल्या जागी पत्रा पातळ लागतो किंवा रंगाचा थर वेगळा भरतो. धातूवर जोराने ठोकलेल्या आकड्याची खूण पृष्ठभाग घासल्यावरही आतल्या रचनेत राहते, आणि चुंबकीय तपासणीत ती दिसू शकते. पुसलेल्या पाटीवर मागची अक्षरं तिरक्या उजेडात दिसावीत, तसंच काहीसं.

इंजिन मूळचं नसेल तर गाडी टाकाऊ ठरते का? नाही. शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं फुटायचीच आणि रातोरात बदलली जायची. अशा गाडीत पन्नास वर्षं एकच इंजिन टिकलं असेल, तर मला उलट आधी शंका येईल. बदललेलं इंजिन किंमत कमी करतं. बदल लपवलेला असेल तर विश्वास जातो, आणि तो गेल्यावर बाकी कागदांनाही अर्थ उरत नाही.

मालकीची साखळी

जमीन घेताना आपण काय करतो? माती चाळून पाहण्याआधी कागद पाहतो. आधी कोणाची होती, त्याच्याकडे कशी आली, मध्ये वारस किती, बोजा आहे का. दुर्मीळ गाडीचं अगदी तसंच. पहिल्या मालकापासून आजपर्यंतची सलग साखळी, तिला या बाजारात प्रोव्हेनन्स म्हणतात. आपण साखळीच म्हणू.

साखळीचे दुवे नाना ठिकाणी सापडतात. मूळ खरेदीची पावती. कंपनीने कोणत्या वितरकाकडे गाडी पाठवली त्याची नोंद. नोंदणीची जुनी पुस्तकं, दुरुस्तीची बिलं, विम्याची पत्रं, सीमाशुल्काचे कागद. शर्यतीच्या दिवशीचे फोटो आणि प्रवेशयाद्या. कौटुंबिक अल्बमातला एखादा फोटो, ज्यात लग्नाला जमलेल्या मंडळींच्या मागे गाडीची नंबरपाटी दिसते, तो कधी कधी दहा प्रमाणपत्रांवर भारी पडतो. बिलांवर किलोमीटरचा आकडा लिहिलेला असतो. पाच-सहा बिलं तारखेनुसार मांडली की काट्यावरचा आकडा खरा की मागे फिरवलेला, ते कळतं.

कंपन्यांकडेही नोंदी आहेत. जॅग्वारच्या वारसा न्यासाकडून मिळणाऱ्या प्रमाणपत्रात गाडी बनल्याची तारीख, मूळ रंग, इंजिन नंबर, कोणत्या वितरकाकडे गेली, हे असतं. फेरारीचा ‘क्लासिके’ विभाग आणि लॅम्बोर्गिनीचा ‘पोलो स्टोरिको’ गाडी तपासून प्रमाणपत्र देतात. पोर्शही जुन्या नोंदींवरून माहिती देते. शिवाय हौशी लोकांनी चालवलेल्या नोंदवह्या आहेत. शेल्बी या अमेरिकी कंपनीच्या गाड्यांच्या प्रेमींनी तिच्या एकेका ‘कोब्रा’ गाडीचा आजवरचा प्रवास लिहून ठेवलाय, तोही कोणी पगार देत नसताना. या लोकांविषयी मला अतिशय आदर आहे, कारण खोट्या गाडीला पहिली अडवणूक बहुतेक वेळा त्यांच्याच वहीत होते.

कंपनीचं प्रमाणपत्र ‘अमुक नंबरची गाडी आम्ही बनवली होती’ एवढंच सांगत असेल, तर समोर उभी असलेली गाडी तीच आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. जन्मदाखला खरा असला तरी तो दाखवणारा माणूस तोच कशावरून? ही पायरी बरेच जण गाळतात.

एका नंबरच्या दोन गाड्या कशा होतात?

एखादी गाडी शर्यतीत चक्काचूर झाली. तिचा वाकलेला सांगाडा एकाने भंगारात घेतला, इंजिन दुसऱ्याने नेलं, नंबरची पट्टी तिसऱ्याच्या खणात राहिली. त्या वेळी ती जुनी, मोडकी गाडी होती, कोणाला पडलंय? तीस वर्षांनी किंमत आभाळाला भिडली. मग सांगाडेवाल्याने त्यावर नवी गाडी उभी केली, पट्टीवाल्याने पट्टीभोवती उभी केली. दोघेही म्हणतात, खरी माझीच.

फेरारीच्या १९५४ सालच्या एका ३७५ प्लसची गोष्ट प्रसिद्ध आहे. अमेरिकेत ओहायो राज्यात, सिनसिनाटीजवळ, ती मोडक्या अवस्थेत उघड्यावर पडून होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ती चोरीला गेली आणि युरोपात पोहोचली. तिथे नव्या मालकाने ती घेतली, तिची पुनर्बांधणी झाली. इकडे मूळ मालकाच्या बाजूकडे काही सुटे भाग आणि मालकीचा हक्क राहिला. भांडण वर्षानुवर्षं चाललं. शेवटी समझोता होऊन जून २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या गुडवूड इथे ती लिलावात १ कोटी ७ लाख पौंडांच्या वर विकली गेली. एवढ्यावर मिटलं असेल असं वाटेल, पण विक्रीनंतरही प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेलं.

गाडी खरी होती, यावर फारसा वाद नव्हताच. ती कोणाची, हा वाद होता. म्हणून खरेदीआधी दोन वेगळे प्रश्न सोडवावे लागतात. ही तीच गाडी आहे का? आणि विकणाऱ्याला ती विकण्याचा अधिकार आहे का? दुसऱ्यासाठी ज्या ज्या देशांतून गाडी गेली, तिथली नोंदणी, थकलेलं कर्ज, घटस्फोट किंवा वारसाहक्काचे दावे, चोरीच्या तक्रारी पाहाव्या लागतात. चोरीच्या वाहनांची आंतरराष्ट्रीय नोंद इंटरपोलकडे असते. हे काम त्या विषयातल्या वकिलाचं आहे, आणि त्याच्या शुल्कात कसर करू नये.

सगळं बदललं तरी गाडी तीच?

हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा वाटतो, पण त्याचा निकाल एका न्यायाधीशांना खरोखर द्यावा लागला आहे. बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’ ही स्पीड सिक्स गाडी १९२९ आणि १९३०, दोन्ही वर्षी ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिला मोठं ८ लिटरचं इंजिन बसवलं. १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रूकलँड्सच्या धावपट्टीवर तिला भीषण अपघात झाला, त्यात चालक दगावला. गाडी पुन्हा बांधली गेली, वेगळ्या अंगाची. पुढच्या दशकांत आणखी बदल. अखेर ती एका मोठ्या सौद्यात विकायची ठरली तेव्हा खरेदीदार म्हणाला, ही ती गाडीच नव्हे, १९२९ चं हिच्यात उरलंय काय?

१९९० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने निकाल दिला. मूळ भाग फार थोडे उरलेत, हे मान्य. पण ही गाडी कधी नाहीशी झाली नव्हती आणि तिच्या जागी दुसरी आणून ठेवली नव्हती. एकेक बदल होत होत तीच गाडी पुढे आली. तिचा प्रवास कुठे तुटलेला नाही, म्हणून ‘ओल्ड नंबर वन’ हीच. खरेदीदाराला सौदा पाळावा लागला.

आपलं जुनं घर आठवा. आजोबांनी कौलं बदलली, वडिलांनी भिंती, आपण खिडक्या. तरी आपण त्याला आजोबांचंच घर म्हणतो, कारण त्यात राहणं कधी थांबलं नाही. तेच घर पाडून, नकाशा घेऊन, शेजारच्या जागेत हुबेहूब बांधलं, तर त्याला कोणी आजोबांचं घर म्हणणार नाही. त्या न्यायालयाने हाच फरक केला. साखळीला एवढं महत्त्व का, ते इथे स्पष्ट होतं. लोखंड झिजतं, गंजतं, बदलतं. त्यात सलग टिकतो तो इतिहास.

मग शोधायची कुठे?

सर्वांत चांगल्या गाड्यांची जाहिरात फारशी येतच नाही. मालक म्हातारा झालेला असतो, गाडी कोणाच्या हातात जाईल याची त्याला काळजी असते. तो आपल्या जुन्या मेकॅनिकला विचारतो, मेकॅनिक त्याच्या ओळखीत विचारतो, आणि गाडी शांतपणे हात बदलते. त्या वर्तुळात शिरायला वेळ लागतो. क्लबात जायचं, माणसं ओळखायची, दहा गाड्या नुसत्या पाहायच्या. त्या एका मॉडेलवर आयुष्य घालवलेल्या कारागिराकडे बसून शिकायचं. मी काय शोधतोय, कोणत्या वर्षाची, कोणता उपप्रकार, काय चालेल आणि काय मुळीच चालणार नाही, हे त्याला स्पष्ट सांगायचं. ‘एखादी चांगली आरएस बघा’ असं म्हणणाऱ्याला कोणी फोन करत नाही.

दुसरा मार्ग उलट दिशेने जातो आणि मला तो फार आवडतो. बनलेल्या सगळ्या गाड्यांची यादी घ्यायची आणि ज्यांचा ठावठिकाणा माहीत आहे त्या खोडत जायचं. उरतील त्या हरवलेल्या. त्यांच्या शेवटच्या ज्ञात मालकापासून माग काढायचा.

बीएमडब्ल्यू ५०७ हे मॉडेल १९५६ ते १९५९ या काळात जेमतेम अडीचशे बनलं. त्यातली एक अमेरिकी गायक एल्विस प्रेस्लीकडे होती, जर्मनीत अमेरिकी सैन्यात असताना घेतलेली. पुढे ती अमेरिकेत गेली आणि माग हरवला. एका पत्रकार बाईंनी या हरवलेल्या गाडीबद्दल लेख लिहिला. तो वाचून कॅलिफोर्नियातल्या एका गृहस्थांनी संपर्क साधला. त्यांनी १९६८ मध्ये एक ५०७ घेऊन ठेवली होती, भोपळे साठवायच्या गोदामात. चेसिस नंबर ७००७९. नोंदी जुळल्या, गाडी तीच निघाली. मूळ इंजिन केव्हाच गेलं होतं. बीएमडब्ल्यूने ती म्युनिकला नेऊन पुन्हा उभी केली, दारांच्या मुठी आणि काचा वरखाली करायचे दांडे तर थ्री-डी प्रिंटिंगने बनवले, आणि २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात मांडली. माहिती दोन टोकांना कित्येक दशकं पडून होती. एका लेखाने ती जोडली.

“एवढं कशाला? लिलावातून घेतली की झालं!”

लिलावातून घेणं गैर नाही. मोठी लिलावगृहं पुष्कळ संशोधन करतात, आणि किंमत सगळ्यांसमोर ठरते. पण तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. हातोडा ज्या किमतीला पडतो, त्यावर खरेदीदाराला लिलावगृहाचं शुल्क द्यावं लागतं, साधारण १० ते १५ टक्के. गाडी आहे त्या स्थितीत विकली जाते, नंतर तक्रारीला वाव फार थोडा. आणि लांबवर चालवून पाहायला बहुधा मिळत नाही.

माहितीपुस्तिकेतली भाषा सावकाश वाचावी. ‘मूळ इंजिन आहे’ आणि ‘मूळ इंजिन असल्याचं समजतं’ यांत लाखोंचं अंतर असतं. ज्या वर्षांबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही, नेमकं तिथेच पाणी मुरत असतं.

गाडी दुसऱ्या देशातून आणायची असेल तर वाहतूक, विमा आणि आयातीचे नियम आधीच पाहावेत. अमेरिकेत गाडी २५ वर्षं जुनी झाली की केंद्रीय सुरक्षा मानकांतून सुटते. युरोपात ३० वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांना काही अटींवर कमी कर लागतो. देशागणिक हे बदलतं. सौदा झाल्यावर नियम वाचणाऱ्याची गाडी बंदरातच अडकून पडते.

रंगाखालचा पत्रा

कागद पटले की गाडीकडे वळायचं, आणि सर्वांत आधी गंजाकडे. इंजिन महाग असलं तरी दुरुस्त होतं. सांगाड्यात शिरलेला गंज मात्र सगळी गाडी सुटी केल्याशिवाय निघत नाही. पोर्शने ९११ च्या संपूर्ण सांगाड्याला जस्ताचा मुलामा द्यायला सुरुवात केली ती १९७६ च्या मॉडेलपासून. म्हणजे आपल्या १९७३ च्या आरएसला ते पूर्ण संरक्षण नाही, त्यात पत्रा पातळ. दाराखालचे पोकळ पाट, बॅटरीजवळचा भाग, मागच्या चाकांचे आधार, हे आधी पाहतात. त्या काळच्या अ‍ॅस्टन मार्टिनसारख्या गाड्यांत दुखणं वेगळं. पोलादी नळ्यांच्या पिंजऱ्यावर अ‍ॅल्युमिनियमचं अंग चढवलेलं असतं, आणि दोन धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम आतून कुरतडलं जातं.

लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून पोलादी अंगावर फिरवला तर जिथे जाड पुट्टी भरली आहे तिथे तो चिकटत नाही. रंगाची जाडी मोजायचं यंत्र तेच काम अचूक करतं. इंजिनात प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजतात, बारीक कॅमेरा आत घालतात. वर्षानुवर्षं नुसती उभी असलेली गाडी कमी चाललेली म्हणून चांगली, असं मानू नये. रबराची सीलं सुकतात, पेट्रोलचा राळेसारखा चिकटा होतो, ब्रेक अडकतात. आणि तपासणारा माणूस विक्रेत्याने सुचवलेला नको, आपण निवडलेला, त्याच मॉडेलचा जाणकार हवा.

“चकचकीत केलेली गाडी जास्त चांगली ना?”

पूर्वी सगळेच असं मानत. आज मत बरंच बदललंय. गाडी एकदाच मूळ असते. पहिला रंग, आसनावरची पहिली कातडी, कारखान्यातल्या कामगाराने खडूने केलेली खूण, हे काढून टाकलं की कोणत्याही पैशाने परत येत नाही. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ हिनेही आपल्या ट्युरिन सनदेत आधी जतन, मग गरजेपुरती दुरुस्ती, हाच क्रम धरला आहे.

फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला बायों कुटुंबाच्या संग्रहाचा लिलाव झाला. पश्चिम फ्रान्समधल्या त्यांच्या जागेत दशकानुदशकं पडून राहिलेल्या गाड्या होत्या त्या. त्यातली फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर जुन्या मासिकांच्या ढिगाखाली सापडली होती. ती धुळीसकट मांडली आणि १ कोटी ६० लाख युरोंच्या वर गेली. लोकांनी धुळीचे पैसे दिले, अशी चेष्टा झाली. पण त्या धुळीचा अर्थ होता की मधल्या काळात गाडीत कोणी काही बदललेलं नाही.

याचा अर्थ कुजलेली गाडी तशीच ठेवावी असा नाही. ब्रेक, टायर, इंधनाच्या नळ्या बदलल्याच पाहिजेत, तिथे भावनेला जागा नाही. पूर्ण पुनर्बांधणी लागणारी गाडी स्वस्त दिसते, मात्र तिचा खर्च पुष्कळदा खरेदीच्या किमतीलाही मागे टाकतो.

“हुबेहूब नक्कल घेतली तर काय बिघडलं?”

काहीच नाही, जर तिला नक्कल म्हणूनच विकलं आणि घेतलं असेल. चालवण्याचा आनंद हवा असेल तर चांगली बनवलेली नक्कल हा शहाणपणाचा पर्याय आहे. ती पावसात नेताना छातीत धस्स होत नाही.

कंपन्याही आता आपल्या जुन्या गाड्या नव्याने बनवतात. फेब्रुवारी १९५७ मध्ये जॅग्वारच्या कारखान्याला आग लागली आणि एक्सकेएसएस या गाडीच्या नऊ प्रती जळाल्या, फक्त १६ ग्राहकांपर्यंत गेल्या. २०१६ मध्ये कंपनीने त्या नऊ पुन्हा बनवण्याचं जाहीर केलं. हलक्या ई-टाइप १८ बनवायच्या ठरल्या होत्या, त्यातल्या राहिलेल्या सहाही २०१४ पासून पूर्ण केल्या. कारागिरी अव्वल आहे. पण १९५० च्या दशकात धावलेल्या १६ मधली एक आणि साठ वर्षांनंतर बनलेली एक, या दोघींना बाजार एका पंगतीला बसवत नाही, आणि मला ते रास्त वाटतं.

“ही गुंतवणूक आहे का?”

वर गेलेल्या किमतींच्या बातम्या येतात, खाली आलेल्यांच्या फारशा येत नाहीत. ऑगस्ट १९८८ मध्ये फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी वारले, आणि आधीच तापलेल्या बाजारात किमती भडकल्या. १९८९ मध्ये एक २५० जीटीओ १ कोटी ४० लाख डॉलर्सच्या वर गेली. पाच वर्षांनी तीच गाडी साधारण ३५ लाखांना विकली गेली. पुढे किमती सावरल्या आणि कितीतरी वर गेल्या, हे खरं. पण मधल्या काळात ज्यांनी कर्ज काढून घेतली होती, त्यांना थांबणं परवडलं नाही.

शिवाय गाडी ठेवायला कोरडी जागा लागते, विमा लागतो, आणि ती वापरातही ठेवावी लागते. हे सगळं धरून, किंमत जागच्या जागी राहिली तरी मला आनंद आहे, असं म्हणता येत असेल तरच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

सौदा झाला, पुढे काय?

समजा साखळी जुळली, नंबर पटले, पत्रा सुदृढ निघाला आणि आरएस दारात आली. चालवायला हात शिवशिवत असतील, तरी आधी एक दिवस कागदांना द्यावा. प्रत्येक पानाची प्रत काढून मूळ कागद वेगळ्या जागी ठेवावेत. चेसिस आणि इंजिनावरच्या नंबरांचे जवळून फोटो घ्यावेत, कोणत्याही रंगकामाच्या किंवा दुरुस्तीच्या आधी, म्हणजे ठोकलेल्या अक्षरांची आजची स्थिती नोंदली जाईल. विकणाऱ्या गृहस्थांना भेटून त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात: कोणाकडून घेतली, कोणत्या साली रंगवली, कुठे ठोकली होती. आता पैशांचा विषय संपलेला असतो, त्यामुळे ते मोकळेपणाने सांगतात. मग त्या मॉडेलची नोंदवही चालवणाऱ्याला कळवावं, की अमुक नंबरची गाडी आता माझ्याकडे आहे.